सर्वांच्या कंठातील गीते : रेव्हरंड नारायण वामन टिळक

प्रस्तावना

आधुनिक मराठी कवितेच्या आरंभकाळातील एक महत्त्वाचे कवी म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव आदराने घेतले जाते. फुले आणि मुले यांच्यावरील कवितांमुळे मराठी वाचकांनी त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून गौरविले. (लोकमान्य बाळ गंगाधर टिळक आणि रेव्हरंड टिळक या समकालीन असलेल्या, परंतु भिन्न व्यक्ती होत.) प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाचा परिचय करून दिला आहे. गाणे ही मोजक्या जाणकारांची मिरासदारी न राहता उपासनेला जमलेल्या प्रत्येकाच्या कंठातून ते उमटावे, यासाठी त्यांनी जे कार्य केले, त्याची ओळख येथे विशेषत्वाने होईल.

मूळ पाठ

खेडेगावातील एखाद्या मंदिरासमोर रात्री भजन रंगात आलेले असते. मध्यभागी एक जण अभंगाचा चरण म्हणतो. बाकीचे टाळांच्या ठेक्यावर तोच चरण पुन्हा म्हणतात. त्यांच्यांत कोणाचा आवाज गोड असतो, कोणाचा भसाडा असतो. कोणाला अक्षरओळख असते, कोणाला नसते. कोणी नुसता टाळीच वाजवीत बसलेला असतो. तरीही त्यांपैकी कोणीही श्रोता नसतो. सारेच गायक असतात. महाराष्ट्राच्या संतपरंपरेने सामान्य माणसाला दिलेले हे फार मोठे देणे होय. याच देण्याचा वाटा मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला मिळवून देण्याचे श्रेय ज्यांच्याकडे प्रामुख्याने जाते, ते कवी म्हणजे रेव्हरंड टिळक.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव कडक होता. आई जानकीबाई मात्र प्रेमळ व भाविक होत्या. आईच्या सहवासात नारायणाला स्तोत्रे, ओव्या आणि अभंग यांची गोडी लागली. परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. नारायण अकरा वर्षांचा असतानाच आईचे निधन झाले आणि त्याच्या आयुष्यातील स्थैर्य हरपले. पुढे नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्याला संस्कृतचे अध्ययन करण्याची संधी मिळाली. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र परिस्थितीमुळे अपुरेच राहिले. औपचारिक शिक्षणाची ही उणीव त्यांनी पुढे अखंड वाचनाने आणि व्यासंगाने भरून काढली.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी ती अवघी अकरा-बारा वर्षांची होती. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाली. टिळकांचा स्वभाव मोठा मनस्वी होता. ते वृत्तीने उदार, पण रागाने शीघ्र. बुद्धीने तल्लख, पण व्यवहाराच्या बाबतीत कमालीचे विसराळू होते. हाती आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे व्हावे आणि घरात उद्याची चूल कशी पेटणार याचा विचारही मनात येऊ नये, असा त्यांचा बाणा होता. नोकरीच्या निमित्ताने आणि अंतरीच्या अस्वस्थतेमुळे ते गावोगाव भटकत राहिले. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी या धनिक विद्याप्रेमी गृहस्थांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले. याच काळात ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक नियतकालिकही त्यांनी चालविले.

या भ्रमंतीच्या मुळाशी एक शोध होता. जातिभेदाने विभागलेल्या आपल्या समाजाला एकत्र बांधील आणि माणसाला माणसाशी बंधुत्वाने जोडील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना सतत छळीत होता. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले असता एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ हा ग्रंथ भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीतही केले. टिळकांना त्या वेळी ते भाकीत हास्यास्पद वाटले. तथापि दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी ग्रंथ वाचावयास घेतला. येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत येताच ते त्यात असे गुंतले, की पुस्तक हातातून ठेववेना. दीर्घ चिंतनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची त्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली. आप्तांनी व समाजाने त्यांच्याशी संबंध तोडले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. पती जिवंत असून नसल्यासारखा झालेला, पदरी लहानगा दत्तू आणि भोवती सोवळ्या-ओवळ्याचे कडक वातावरण अशा स्थितीत त्यांनी सुमारे पाच वर्षे विरहात काढली. अखेर त्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे पतीकडे राहावयास आल्या. तेथेही प्रारंभी त्यांनी आपला आचार वेगळाच ठेवला होता. परक्याच्या हातचे पाणीही त्यांना चालत नसे. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. माणसामाणसांतील भेद ईश्वराने नव्हे, तर माणसांनीच निर्माण केले आहेत, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने उमगले आणि १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या साऱ्या कालखंडाचे हृद्य चित्रण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचावयास मिळते.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे एक प्रमुख केंद्र होते. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक समाजाच्या तळच्या थरांतून आलेले होते. पिढ्यान्पिढ्या त्यांना विद्येची दारे बंद होती. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात अनेक अनाथ मुलेही मिशनच्या आश्रयाला आली. अशा या मंडळीची उपासना टिळक जवळून पाहू लागले, तेव्हा त्यांच्यातील कवीला एक गोष्ट तीव्रतेने जाणवली.

रविवारच्या उपासनेत गायली जाणारी पुष्कळशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. त्यांच्या चालीही पाश्चात्त्यच असत. प्रत्येक भाषेची स्वतःची लय असते. इंग्रजीत शब्दातील एखाद्या अक्षरावर आघात येतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांच्या उच्चाराला महत्त्व असते. त्यामुळे परक्या चालीत मराठी शब्द बसविताना कधी ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे, तर कधी एकाच शब्दाचे दोन तुकडे पडत. अर्थ हरवून जाई आणि मराठी कानाला ते गाणे परके वाटे. शिवाय ही गीते म्हणण्यासाठी हातात पुस्तक घेऊन ते वाचता येणे आवश्यक होते. ज्यांना वाचता येत नसे आणि ज्यांच्या कानांवर त्या चालींचे संस्कार नव्हते, ती साधी माणसे उपासनेत गप्प बसून राहत. जात्यावर बसून ओव्यांमागून ओव्या गाणारी स्त्री आणि मोट हाकताना मोकळ्या गळ्याने गाणारा शेतकरी येथे मात्र मुका होई. ज्या धर्मात सर्व माणसे एका पित्याची लेकरे आहेत असे सांगितले जाते, त्या धर्माच्या उपासनेत काहींनी गावे आणि काहींनी केवळ ऐकावे, हा विरोधाभासच होता.

यावरील उपाय टिळकांना दूर शोधावा लागला नाही. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम या संतांच्या वाणीवर त्यांचा पिंड पोसला होता. विशेषतः तुकाराममहाराजांवर त्यांची नितांत श्रद्धा होती. आपण तुकोबांच्या पुलावरून चालत ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती आणि ती ते मोकळेपणाने सांगत. धर्म बदलला म्हणून मातृभूमी, मातृभाषा आणि पूर्वजांचा सांस्कृतिक ठेवा टाकून द्यावा, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, पद हे मराठी मातीतील काव्यप्रकार हाती घेतले आणि त्यांतून ख्रिस्तभक्ती गाईली.

अभंगाची रचना समूहगायनाला अत्यंत अनुकूल असते. त्याचे चरण आखूड असतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे, अशी मोठ्या अभंगाची सुटसुटीत बांधणी असते. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत साधलेल्या यमकामुळे ओळी सहज लक्षात राहतात. धृपद पुन्हा पुन्हा येते. एकाने चरण म्हणावा आणि इतरांनी तो उचलावा, या रीतीमुळे पुस्तकाची गरज उरत नाही. ज्याला गळा आहे त्याने पुढे होऊन सांगावे, ज्याला तितकासा नाही त्याने मागून म्हणावे, ज्याला तेही साधत नाही त्याने टाळ धरावा किंवा टाळी वाजवावी. प्रत्येकाला आपापल्या कुवतीप्रमाणे येथे स्थान असते. चार वेळा मागून म्हणणारा पाचव्या वेळी स्वतः पुढे होतो. अशा रीतीने भजन हीच शिकणाऱ्याची शाळा बनते.

कीर्तनाचेही असेच. टिळकांच्या पूर्वीच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाचा उपक्रम सुरू झाला होता. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे या क्षेत्रातील एक अग्रगण्य कवी व कीर्तनकार होत. टिळकांनी ही परंपरा अधिक समृद्ध केली. कीर्तनात निरूपण असते, आख्यान असते आणि मधूनमधून पदे व अभंग असतात. कीर्तनकाराच्या पाठीशी टाळकरी आणि मृदंगी उभे असतात. समोरचे श्रोतेही धृपद उचलून धरतात. शुष्क प्रवचनाने कंटाळणारा श्रोता कीर्तनात मात्र तासन्‌तास रंगून जातो. हे सामर्थ्य टिळकांनी ओळखले होते.

हा मार्ग सर्वांनाच रुचला असे नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या काहींना भजन-कीर्तन ही सोडून दिलेल्या जुन्या धर्माची खूण वाटे. टाळ-मृदंगाच्या नादात उपासनेचे गांभीर्य राहणार नाही, अशीही शंका घेतली जाई. टिळकांनी या शंकांना वादविवादापेक्षा आपल्या गीतांनीच उत्तर दिले. त्यांची गीते सोपी होती. पण उथळ नव्हती. त्यांत कधी ईश्वराला माउली म्हणून घातलेली साद होती, कधी पश्चात्तापाने द्रवलेले मन होते, तर कधी सेवेसाठी देह झिजविण्याची आस होती. संतवाणी ऐकत वाढलेल्या माणसाला ही भाषा आपली वाटली. खेड्यातील ज्या माणसांनी कधी पुस्तक हाती धरले नव्हते, त्यांच्याही ओठांवर ही गीते खेळू लागली. ती घरात, शेतात आणि वाटेवरही गायली जाऊ लागली.

टिळकांची काव्यस्फूर्ती विलक्षण होती. सुचलेली ओळ हाती लागेल त्या कागदावर उतरवावी आणि तो कागद कोठेतरी टाकून द्यावा, अशी त्यांची रीत होती. असे विखुरलेले कागद लक्ष्मीबाई जपून ठेवीत. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या सुमारे सातशे गीतांच्या संग्रहात एकट्या टिळकांची गीते अडीचशेहून अधिक होती, यावरून त्यांच्या कार्याचा आवाका ध्यानात येतो. ‘अभंगांजली’ हा त्यांच्या अभंगांचा संग्रह प्रसिद्ध आहे. येशू ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावे या हेतूने त्यांनी ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याला आरंभ केला होता. त्याचे दहा-अकरा अध्याय लिहून झाले आणि पुढील बहुतांश रचना त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी केली. ज्या मुलीने शाळेचे तोंडही पाहिले नव्हते आणि जिला अक्षरओळख पतीने करून दिली होती, तिने पतीचे अपुरे महाकाव्य सिद्धीस न्यावे, ही घटना मोठी अर्थपूर्ण आहे. प्रत्येकाच्या कंठात गाणे असते, फक्त त्याला वाट करून द्यावी लागते, या टिळकांच्या श्रद्धेचा याहून चांगला पुरावा कोणता असणार?

उगवत्या कवींनाही टिळकांच्या घराचे दार सदैव उघडे असे. निसर्गकवी म्हणून पुढे कीर्ती मिळविणारे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, हे काही काळ टिळक कुटुंबातच राहत होते. टिळक त्यांच्याकडे पुत्रवत प्रेमाने पाहत. धर्माचा भेद या स्नेहाच्या आड कधीच आला नाही. ‘वनवासी फूल’ हे खंडकाव्य, तसेच निसर्ग, बालके, कुटुंब आणि स्वदेश या विषयांवरील टिळकांच्या कविता सर्व मराठी वाचकांनी आपल्या मानल्या. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी आणखी एक धाडसी पाऊल उचलले. मिशनच्या वेतनावर राहून कार्य करण्यात त्यांना आता समाधान वाटेना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या नावाने एका भक्तसंघाची स्थापना केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात समानतेने यावेत, अशी त्यांची कल्पना होती. भजनमंडळात जसा कोणी उच्च-नीच नसतो, तसा येथेही कोणी नसावा, अशीच जणू त्यांची इच्छा होती. हे स्वप्न पूर्णपणे साकार होण्यास मात्र काळाने अवधी दिला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

टिळकांची गीते त्यांच्यानंतरही जिवंत राहिली. निकोल मॅक्निकल यांनी त्यांतील काहींची इंग्रजी भाषांतरे केली आणि ती पाश्चात्त्य देशांतील उपासनागीतांच्या पुस्तकांत समाविष्ट झाली. एके काळी इंग्रजी गीतांची भाषांतरे गाणाऱ्या मंडळीतील एका कवीची रचना आता इंग्रजीत गायली जाऊ लागली! महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळीत तर टिळकांची गीते आजही भक्तिभावाने गायली जातात. त्या वेळी कोणाचा सूर लागतो आणि कोणाचा लागत नाही, याची मोजदाद कोणी करीत नाही. एक जण चरण म्हणतो आणि सारी मंडळी तो उचलते. गाण्यासाठी केवळ सुरेल गळा लागत नाही, तर इतरांच्या सुरात सूर मिसळण्याची तयारी लागते, हेच रेव्हरंड टिळकांच्या जीवनकार्याचे सार होय.

शब्दार्थ

मिरासदारी – वंशपरंपरेने आलेला हक्क, मक्तेदारी
भसाडा – जाड व कर्कश (आवाज)
मनस्वी – स्वतःच्या मनाप्रमाणे वागणारा, तीव्र वृत्तीचा
व्यासंग – सखोल व सततचा अभ्यास
हृद्य – हृदयाला भिडणारे
मोट – विहिरीतून बैलांच्या साह्याने पाणी काढण्याचे साधन
धृपद – गीतात पुन्हा पुन्हा येणारी ओळ
निरूपण – विषय स्पष्ट करून सांगणे
कुवत – शक्ती, पात्रता
सिद्धीस नेणे – पूर्ण करणे

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टिळकांचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) टिळकांना ‘नवा करार’ हा ग्रंथ कोणत्या प्रसंगी मिळाला?
(इ) ‘देवाचा दरबार’ या भक्तसंघाची स्थापना कोठे झाली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) खेड्यातील साधी माणसे उपासनेत गप्प का बसत?
(आ) अभंगाची रचना समूहगायनाला अनुकूल का असते?
(इ) टिळकांच्या मार्गाविषयी कोणत्या शंका घेतल्या गेल्या? त्यांना टिळकांनी कसे उत्तर दिले?

३. लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनातील स्थित्यंतर तुमच्या शब्दांत सांगा.

४. तुमच्या परिसरात सर्वांनी मिळून गाण्याची कोणती परंपरा आहे? तिच्यात नवख्या माणसाला कसे सामावून घेतले जाते, याविषयी दहा-बारा ओळी लिहा.